साडूंच्या फुल्या

माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत पसरलेल्या आमच्या सोलापूर जिल्ह्यात तोंडातून आजवर एकही अपशब्द न काढलेला एकच माणूस जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला गेला. त्यामुळे तो माझा साडू झाला. साडू हे नातं ज्यांना नाही त्यांना त्यातली मेख कळायची नाही. सासुरवाडीला ज्याला आपल्या आधी पाट मिळतो, ज्याच्या ताटात आधी तूप पडतं आणि आपण काहीही केलं तरी 'थोरल्या जावयांचं बघा जरा' असं ज्याच्याकडे बोट दाखवून आपल्याला ऐकवलं जातं, तो थोरला साडू. असल्या माणसाबद्दल चांगलं लिहायला मोठं मन लागतं आणि माझं तेवढं मोठं नाही. पण या माणसाला इंटरनेटनं शिवराळ ठरवलं, त्यात माझा हात होता, म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

साडूंचं भवानी पेठेत सुयादोऱ्यांचं दुकान आहे. सुया, दोरे, बटणं, हूक, नाड्या, अस्तर असं सगळं तिथं मिळतं. पेठेतले झाडून सगळे शिंपी त्यांचे गिऱ्हाईक. साडू माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या शर्टाच्या बटणांकडे बघतात. माझ्या लग्नात सगळे नवरा बघत होते तेव्हा हे माझ्या कोटाचं तिसरं बटण बघत होते, आणि आहेर देताना माझ्या कानात म्हणाले होते, 'पाव्हणं, तिसरं बटन दुसऱ्या डझनातलं हाय, पन कुनाच्या ध्यानात येणार न्हाय, काळजी करू नका.' पुढे सबंध लग्नभर मी त्या बटणावर हात ठेवून उभा होतो. फोटोत मला छातीत कळ आल्यासारखं दिसतं.

अदब तर त्यांच्या हाडात मुरलेली. दुकानात शिरलेल्या गाईला ते 'बाई, जरा मागं सरा' म्हणतात. एकदा दुकानासमोर मालाची रिक्षा मागे घेताना तिचं चाक साडूंच्या पायाच्या अंगठ्यावर चढलं. दुसऱ्या कुणी त्या रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. साडू म्हणाले, 'तुमची गाडी एका पायावर हाय. सवडीनं घ्या पुढं, गडबड न्हाय.' इतक्या शांतपणे सांगितल्यावर रिक्षावाल्याला वाटलं, पाय दुसऱ्या कुणाचा तरी असावा. त्यानं तोंडातला तंबाखू थुंकला, आरसा नीट केला आणि मग गाडी पुढे घेतली. अंगठ्याचं नख पुढे काळं पडून गेलं, पण साडूंच्या तोंडून 'अरे' सुद्धा निघालं नाही.

याच अदबीचं टोक म्हणजे त्यांचा नावं न घेण्याचा नेम. त्यांच्या आजोबांनी लहानपणी त्यांना सांगून ठेवलं होतं की पाच जणांची नावं तोंडानं घेऊ नयेत: स्वतःचं, गुरूचं, बायकोचं, थोरल्या अपत्याचं आणि महाचिकट माणसाचं. स्वतःचं घेतलं की गर्व होतो, गुरूचं घेतलं की पाप लागतं, चिकटाचं घेतलं की त्या दिवशी जेवण मिळत नाही, आणि बायकोचं किंवा थोरल्या लेकराचं घेतलं तर त्यांचं आयुष्य कमी होतं. आपल्याकडे पूर्वी पुष्कळ घरांत हे पाळायचे. बाकीच्यांनी सोडलं, साडूंनी धरून ठेवलं. बोलण्यात तर नाहीच, पण लिहिण्यातही ते ही नावं येऊ देत नाहीत. घरात अक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, त्यांना कानडी पद्धतीनं 'रीऽ' अशी हाक मारते आणि हे तिला 'इकडं' म्हणतात. रेशन कार्डाच्या खिडकीवर कारकुनानं बायकोचं नाव विचारलं की साडू रांगेतल्या मागच्या माणसाला बाजूला घेऊन त्याच्या हातात आधीचं कार्ड देतात आणि 'एवढं जरा वाचून दाखवा की' म्हणतात. थोरल्या मुलीचं नाव विचारलं तर 'धाकटीची मोठी बहीण' असं सांगतात.

एकदा होम मैदानावरच्या प्रदर्शनात अक्का गर्दीत हरवली. तिथं लाउडस्पीकरवरून नाव पुकारायची सोय होती, पण त्यासाठी आधी नाव सांगावं लागतं. साडूंनी पुकारणाऱ्याला बराच वेळ समजावलं आणि शेवटी 'भवानी पेठेतल्या सुयादोऱ्यांच्या दुकानदाराच्या घरच्यांनी मंडपापाशी यावे' असं पुकारून घेतलं. तीन बायका आल्या. त्यांत अक्का नव्हती. तिनं ते ऐकलं होतं, पण आपला नवरा चारचौघांत एवढं तरी कशाला बोलेल, हा दुसराच कुणीतरी दुकानदार असणार, असं समजून ती बांगड्या बघत राहिली.

साडूंना दोन मुली. धाकटी लग्न होऊन अक्कलकोटला असते. थोरली शिकली, इंजिनिअर झाली, पुण्यात मोठ्या कंपनीत लागली. पेठेतल्या प्रत्येक शिंप्याला बटणांबरोबर ही बातमी मोफत मिळत होती. मग एक दिवस तिनं नोकरी सोडली आणि सोलापुरी स्वयंपाकाचे व्हिडिओ करायला लागली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगाची पोळी, हुलग्याचं माडगं. घरी आल्या आल्या तिनं ते अप्पांना, म्हणजे साडूंना, सांगितलं, आणि सबंध आयुष्यात कुणाला वाकडं न बोललेला हा माणूस आपल्या लेकीला एकच वाक्य बोलून गेला: 'भाकरी थापायला इंजिनिअर कशाला लागतो?' त्यात शिवी नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. पण ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली आणि त्या दिवसापासून अप्पांशी बोलायची बंद झाली. आईला रोज फोन करायची. अप्पांनी उचलला तर 'आई आहे का' एवढंच विचारायची, आणि अप्पाही 'हाय, देतो' एवढंच म्हणायचे. दोघंही एकाच मुशीतले. माघार कोण घेणार? याला दोन वर्षं झाली.

त्याच सुमारास साडूंनी मोठा फोन घेतला. इतकी वर्षं बोटभर फोनवर भागवलेल्या माणसाला एकदम ही हौस कशी आली, असं मला वाटलं होतं. खरं कारण मला पुढे कळलं. तेव्हा मी समजलो की, बातम्यांखाली प्रतिक्रिया लिहायला घेतला असेल. कारण साडूंना पहिल्यापासून वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचा नाद. त्या पत्रांत गुरूंचं किंवा अक्काचं नाव यायचं तिथं ते बोटभर जागा कोरी सोडायचे आणि संपादक ती वाक्यं सरळ काढून टाकायचा. आता फोनवर कोरी जागा सोडली की शब्द एकमेकांजवळ सरकल्यासारखे दिसतात, अशी त्यांची तक्रार होती. एका रविवारी ते फोन घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, 'नावाच्या जागी काय लिवावं? काहीतरी मानाचं पाहिजे.'

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझा जन्म छापील मजकुरात गेला. छापील मजकुरात फुल्या कुठं आणि कशासाठी येतात हे मला पुरेपूर ठाऊक होतं. तरी मी त्यांना फुलीची खूण काढून दाखवली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, 'अण्णा, या द्या. फुलासारख्या दिसतात.' साडूंना ती फार आवडली. वर म्हणाले, 'व्हय की, पेपरात पन असतात ह्या. अमका तमक्याला फुलीफुलीफुली म्हनाला, असं लिवतात. मला वाटायचं, त्या माणसानं वडीलधाऱ्याचं नाव घेतलं असंल, पेपरवाल्यानं पाळलं.' साठी उलटलेला हा गृहस्थ जन्मभर मारामाऱ्यांच्या बातम्या वाचून लोक एकमेकांच्या वडीलधाऱ्यांचा किती मान राखतात असं समजत आला होता. मी तेव्हाच त्यांना सांगायला हवं होतं. मी चहा मागवला.

साडूंनी फुल्यांचाही हिशेब बसवला. गुरूंना सात, बायकोला पाच, मुलीला पाच, स्वतःला नुसती एक. शेजारचे कापडवाले महाचिकट म्हणून प्रसिद्ध, त्यांना दोन, कारण जास्त दिल्या तर त्यांनाच उधळपट्टी वाटेल. पुढे दोनेक वर्षांनी एका स्थानिक बातम्यांच्या संकेतस्थळावर बातमीखाली लिहायची सोय झाली, तिथं उन्हाळ्याची बातमी आली आणि साडूंनी तिच्याखाली आपली पहिली प्रतिक्रिया लिहिली. ती मी पाहिली आहे. 'महोदय, आज पारा चढला हे खरे. सकाळी आमची ***** गच्चीवर पापड घालायला गेली ती घामाघूम होऊन खाली आली. शेजारचे  ** इतक्या उन्हात पंखासुद्धा लावत नाहीत. आज माझे ******* असते तर त्यांनी सर्वांना ताक पाजले असते. आपला नम्र, *.' आता हे वाचून शुद्धीवर असलेल्या कुठल्याही माणसाला काय वाटेल? इथं तर वाचणारा माणूसही नव्हता. अशा ठिकाणी शिव्या अडवायला यंत्राची चाळणी बसवलेली असते. त्या चाळणीनं साडूंना लागलीच कळवलं की आपली प्रतिक्रिया अश्लील आणि अपमानास्पद भाषेमुळे रोखण्यात आली आहे.

साडू हादरले. त्यांनी ताबडतोब माफीचं पत्र लिहिलं. त्यात 'माझ्या ***** ची शपथ, मी असे काही लिहिले नाही' असं वाक्य होतं. तेही अडलं. तिसऱ्यांदा त्यांनी आपल्यावर लहानपणी संस्कार करणाऱ्या ******* यांचा दाखला दिला आणि संकेतस्थळानं त्यांना कायमचं हद्दपार केलं. दुसरा कुणी गप्प बसला असता. साडू फोन घेऊन पेठेत प्रत्येकाला विचारत फिरले की यातला नक्की कुठला शब्द वाईट आहे. त्यामुळे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं. शिंपी बटणं घ्यायला आले की आदरानं दोन पावलं लांब उभे राहू लागले. समोरचा चहावाला पेठेतला अव्वल शिवराळ म्हणून नावाजलेला. तो मुद्दाम दुकानाची पायरी चढून आला, हात जोडले आणि म्हणाला, 'आमी तीस वर्सं देतोय, आमाला कुनी बंद केलं न्हाय. तुमी काय लिवलं तेवढं सांगा की.' साडूंनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि पापडांची हकिगत पहिल्यापासून सांगितली. तो निराश होऊन गेला. मोठी माणसं आपलं कसब दाखवत नाहीत, असं तो पुढे लोकांना सांगायचा.

अक्काला त्यांनी एकदा हळूच विचारलं, 'मी झोपेत काय बोलतो का?' ती म्हणाली, 'बोलता की. दोन डझन पांढरी, चार भोकांची.' तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. आपल्या आत कुठंतरी घाण असली पाहिजे, यंत्र उगीच कशाला बोलेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि मी काय करत होतो? मला कारण पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण सासुरवाडीत थोरल्या जावयांचं उदाहरण द्यायचं पहिल्यांदाच बंद झालं होतं. सासूबाईंनी एकदा तर माझ्या ताटात आधी तूप वाढलं. ते सुख मी तीन आठवडे भोगलं. हे कबूल करताना आज लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

शेवटी साडू दुकानात गिऱ्हाईकांशी बोलायचेही कमी झाले, असं अक्का म्हणाली, तेव्हा मी सगळं सांगून टाकायचं ठरवलं आणि एका दुपारी दुकानात गेलो. ऊन असं होतं की पेठेत कुत्रंसुद्धा हिंडत नव्हतं. साडू गल्ल्यामागे बसून कानात वायर घालून काहीतरी बघत होते. मला पाहून त्यांनी फोन बटणांच्या डब्याखाली सरकवला. मग बराच वेळ अस्तराचं कापड उगीच गुंडाळत राहिले आणि मान वर न करता म्हणाले, 'पाव्हणं, तुमी शिकलेली माणसं. ती लाल बदामाची खूण कशी मिळवायची?'

कसला बदाम ते मला कळेना. तेव्हा त्यांनी डबा उचलला. फोनवर त्यांची थोरली ज्वारीची भाकरी थापत होती. कडक भाकरीचा व्हिडिओ होता. खाली लोकांनी लिहिलं होतं आणि तिनं एकेकाला लाल बदाम दिला होता. करमाळ्याच्या कुणीतरी नुसतं 'छान' लिहिलं होतं, त्याला बदाम आणि वर 'धन्यवाद दादा'. त्याच्या खाली साडूंचं होतं. स्वतःचं नाव घ्यायचं नाही म्हणून 'सोलापूरकर एक' या नावानं लिहिलेलं. 'चि. *****, अनेक आशीर्वाद. भाकरी पाहिली. पीठ किंचित सैल वाटले. तवा उत्तम तापला होता. ओढणी शेगडीपासून लांब ठेवावी. तुझी आई ***** बरी आहे.' त्याला बदाम नव्हता, उत्तर नव्हतं. मी मागचा व्हिडिओ उघडला. तिथंही होतं. त्याच्या मागच्यावरही. दोन वर्षांत तिनं केलेल्या प्रत्येक व्हिडिओखाली साडूंनी लिहिलं होतं, दुकान उघडायच्या आधी, अक्काच्या नकळत. चटणीत लसूण कमी पडला. आवाज बसलेला वाटतो, गरम पाणी पी. मागच्या भिंतीला ओल आली आहे, घरमालकास सांगावे. एकाखाली फक्त एवढंच होतं: 'चि. *****, इंजिनिअर लागतो.'

'त्या करमाळ्याच्या माणसाला भाकरीतलं काय कळतंय?' साडू म्हणाले. 'छान म्हनतो आनि बदाम घेऊन जातो. मी एवढं लिवतोय, ती वाचती आनि सोडून देती. बरोबर हाय म्हना. मीच बोललो होतो.'

मी माझा फोन काढला आणि तोच व्हिडिओ उघडला. करमाळ्याचा 'छान' होता, बदाम होता. साडूंचं लिहिलेलं नव्हतं. दुसरा उघडला, तिसरा उघडला. एकाही ठिकाणी नव्हतं. चाळणीची ही तऱ्हा मला ऐकून माहीत होती. ती लिहिणाऱ्याला त्याचं लिहिलेलं दाखवत राहते, त्यामुळे त्याला वाटतं पोचलं, आणि बाकी जगापासून ते आत कोंडून ठेवते. दोन वर्षं हा माणूस लेकीला दर व्हिडिओखाली आशीर्वाद देत होता आणि यंत्र ते शिव्या म्हणून अडकवत होतं. फुल्या मी शिकवल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, फुल्यांचा खरा अर्थही सांगितला, आणि मान खाली घालून बसलो. आता तरी आयुष्यातली पहिली शिवी मला मिळणार आणि ती मला मिळायलाच हवी, असं मला वाटलं.

साडूंनी दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग त्यांनी विचारलं, 'म्हंजी तिनं वाचून सोडून दिलं न्हाय?'

'नाही अण्णा. तिला दिसलंच नाही.'

'एक पन न्हाय?'

'एक पण नाही.'

ते उठले, आत गेले, तोंड धुऊन आले. परत आले तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होते. मला वाटलं होतं दोन वर्षं फुकट गेली म्हणून हा माणूस खचेल. त्यांना मात्र दोन वर्षं परत मिळाली होती. मला त्यांनी चहा पाजला, वर बिस्किटं दिली. माझ्यासारख्याला माफी मागायची जागाच ठेवत नाही हा माणूस, याचा मला राग आला आणि त्याच क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

मी म्हटलं, आता फुल्या सोडा आणि तिचं नाव सरळ लिहा, आत्ता पोचेल. साडूंनी फोन हातात घेतला. 'चि.' लिहिलं. पुढे पहिलं अक्षर लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं. मग फोन खाली ठेवून म्हणाले, 'एकदा तोंड उघडलं तर लेक घरातून गेली. आता नाव घेऊन तिच्या आयुष्याला हात लावू का मी?' मी म्हटलं, मग मी तिला फोन करून सांगतो. त्यालाही ते तयार होईनात. 'तुमी माझं नाव काढायचं न्हाय. मागून घेतलेला बदाम काय कामाचा,' असं म्हणाले आणि मला तशी शपथ घातली.

शपथ मी पाळली. घरी गेल्यावर मी थोरलीला फोन केला आणि म्हटलं, तुझ्या चॅनेलवर एक म्हातारा दोन वर्षं दर व्हिडिओखाली येऊन फुल्याफुल्या लिहून जातोय, सगळं अडकलेल्या कमेंटच्या पेटीत पडलंय, ती पेटी उघड आणि त्याचा काय तो बंदोबस्त कर. नाव काढलं नाही. ती तणतणली. असल्या लोकांना पोलिसांतच द्यायला पाहिजे म्हणाली. द्यायलाच पाहिजे, असं मीही म्हणालो. फोन ठेवला आणि वाट बघत बसलो. दोन तासांनी तिचा फोन आला. आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसल्याचा, मग पुन्हा नाक ओढल्याचा. 'काका,' ती म्हणाली, 'म्हातारा ओळखीचा निघाला.'

दुसऱ्या दिवशी सकाळपासून साडूंचा फोन दुकानात वाजत होता. तिनं सगळे शंभरावर कमेंट एकेक करून सोडवले होते आणि एकेकाला बदाम दिला होता. साडू गिऱ्हाईक करत होते आणि प्रत्येक आवाजाला मान वळवून बघत होते. त्या दिवशी त्यांनी एका शिंप्याला पांढऱ्या बटणांऐवजी दुधी बटणं दिली, जे चाळीस वर्षांत घडलं नव्हतं, आणि तो शिंपी ती बदलून घ्यायचं धाडस करू शकला नाही. सगळ्यांत शेवटी तिचं उत्तर आलं: 'अप्पा, पीठ सैल नव्हतं. कॅमेऱ्यात तसं दिसतं.' साडूंनी ते मला फोन करून वाचून दाखवलं आणि लगेच उत्तर लिहिलं, 'कॅमेरा खोटे बोलत नाही, *****.' ते पुन्हा चाळणीत अडकलं.

त्यानंतर तिनं चाळणीच काढून टाकली. एका माणसापुरती सूट द्यायची सोय असते म्हणे, पण साडू दर पंधरा दिवसांनी पासवर्ड विसरतात आणि 'सोलापूरकर एक'चे आता 'सोलापूरकर सात' झालेत. शिवाय ते शहाणे झालेत. सकाळी लिहिलं की शेजारच्या शिंप्याच्या फोनवर जाऊन ते दिसतंय का बघून येतात, आणि दिसलं नाही तर दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला असतो, असं अक्कानं तिला कळवलं होतं. बापलेक अजून फोनवर बोलत नाहीत. 'आई आहे का' आणि 'हाय, देतो' एवढंच चालतं. पण व्हिडिओखाली ज्वारीच्या पिठावरून दोघं असे भांडतात की लोक फक्त ते वाचायला येतात.

मध्ये मी कामासाठी पुण्याला गेलो तेव्हा तिच्याकडे उतरलो होतो. सकाळी उठलो तर ती स्वयंपाकघरात फोन घेऊन बसली होती, पुढ्यात चहा निवलेला. मी मागून डोकावलो. चाळणी नाही म्हटल्यावर जगभरच्या रिकामटेकड्यांनी आत येऊन जे लिहायचं ते लिहिलं होतं. तिच्या दिसण्यावर, तिच्या बोलण्यावर, तिच्या आईबापांवर. ते वाचून माझे कान तापले. ती एकेक पुसत होती, चेहऱ्यावर काही न दाखवता. मी म्हटलं, अगं, असलं कशाला वाचतेस, सरसकट पुसून टाक की.

'कसं पुसू, काका?' ती अंगठा थांबवून म्हणाली. 'त्यातले निम्मे फुल्याच टाकतात. वाचल्याशिवाय अप्पांच्या कुठल्या ते कळत नाही.'